हीटर निवडण्याआधी कव्हरचा विचार करा

नव्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवायला सोलर घ्यावा की हीट पंप (विजेच्या मदतीने बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र), असं तुम्ही विचारलंत आणि वरची चर्चा त्यावरच फिरतेय. हिवाळ्यातही रोज पोहायचं असेल तर हीट पंप बरा, हे पटलं. पण तापवलेलं पाणी टिकवायचं कसं, याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. नाशिकजवळ आमचा ८ बाय ४ मीटरचा तलाव आहे, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी. ते एका अंशाने तापवायला साधारण ४६ युनिट उष्णता लागते. हीट पंप तेच काम ९-१० युनिट विजेत करतो, कडाक्याच्या थंडीत थोडी जास्त. पण उघड्या तलावातलं पाणी नुसतं एक मिलिमीटर उतरलं तरी ३२ लिटरची वाफ झालेली असते, आणि तेवढ्यात जवळपास अर्धा अंश निघून जातो!

पहिल्या डिसेंबरात पहाटे पाण्यावर वाफ तरंगायची, मुलांना केवढं कौतुक. मी मात्र मीटर बघून हबकलो. मग बुडबुड्यांचं प्लास्टिक कव्हर घेतलं. सकाळी ते गुंडाळताना खालच्या बाजूचे कोमट थेंब मनगटावर ओघळतात, म्हणजे वाफ तिथेच अडलेली असते. आमच्या कंत्राटदाराने कव्हर गुंडाळायच्या रोलरला जागाच सोडली नव्हती, नवी फरशी फोडावी लागली. तुमचा नकाशा अजून कागदावर आहे, तर रुंदीच्या एका बाजूला तीन फूट मोकळे ठेवाच. आणि आकार कृपया सरळ आयताकृती घ्या, वळणावळणाच्या तलावावर कव्हर रोज घालणं-काढणं फार जिकिरीचं होतं.