आकडा नेमका कशाचा?

भाऊ, 'अमेरिकेत वर्षाला अठ्ठेचाळीस हजार माणसं गोळीनं मरतात, म्हणजे तेवढे खून' हे तुमचं गणित इथंच फसतं. २०२१ चा ४८,८३० हा आकडा खरा, पण त्यात २६,३२८ आत्महत्या आहेत. खून २०,९५८. तेही थोडे नाहीत म्हणा, पण जपानशी तुलना करताना यातला कोणता आकडा धरला ते आधी सांगा. जपानात बंदुका जवळपास नाहीतच, तरी आत्महत्या कमी नाहीत.

मग बंदुकीचा संबंधच नाही? तसंही नाही. आमच्या जळगावकडं कपाशीच्या फवारणीचं औषध घरातच पडलेलं असतं. रागाच्या भरात काय होतं, ते आम्ही गावोगाव पाहिलंय. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं बंद करत नेली, तर पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. तिथं हाताशी औषध, अमेरिकेत हाताशी पिस्तूल.

आणि बंदुकीच्या परवान्यांच्या नोंदी मोजून, इथं बंदुका कमी म्हणून भारताला शाबासकी देऊ नका. सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा कुठल्या रजिस्टरात असतो? आमच्या जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या कुणालाही विचारा.