विषय: हिंदू मुलगी अमेरिकेची अध्यक्ष होऊ शकते का?

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेतली एक आई

नमस्कार मंडळी,

काल लेक शाळेतून आली ती गप्पच. जेवताना नुसता वरणभात चिवडत बसली. दोनदा विचारल्यावर म्हणाली, "आई, अध्यक्ष व्हायला ख्रिश्चन असावं लागतं ना?" बसमध्ये एका मुलीने तिला तसं छातीठोकपणे सांगितलं होतं. मी "नाही गं" म्हटलं, पण "कुठे लिहिलंय?" असं तिने विचारल्यावर मला काही सांगता येईना. अकरा वर्षांची आहे, जन्म इथलाच. तिला वाचून दाखवता येईल असं कोणी लिहाल का?

*

प्रेषक: ग्रंथालय सांभाळणारे काका

ताई,

तिला सांगा, लिहिलेलं आहे, आणि १७८७ सालापासून आहे. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात अगदी शेवटी म्हटलंय की अमेरिकेच्या सरकारातल्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट कधीही घातली जाणार नाही. 'कधीही' हा शब्द माझ्या पदरचा नाही, मूळ मजकुरातच आहे. अध्यक्षाच्या अटी दुसऱ्या कलमात येतात: जन्माने नागरिक, वय किमान ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. धर्माचं नावही नाही.

शपथही बघा. आपल्याकडे आमदार 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतात, तशीच मुभा इथे अध्यक्षालाही आहे. फ्रँकलिन पिअर्स यांनी १८५३ साली दृढकथनच केलं. बायबलवर हात ठेवणं ही रीत आहे, नियम नाही. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी १८२५ साली कायद्याच्या पुस्तकावर शपथ घेतली.

हे सहावं कलम सुखासुखी मान्य झालेलं नाही. १७८८ साली राज्यघटना मान्य करायची की नाही हे ठरवायला नॉर्थ कॅरोलायना राज्यात भरलेल्या सभेत एक प्रतिनिधी उठून म्हणाला, चार-पाचशे वर्षांनी काय होईल कोणी सांगावं, अध्यक्षाच्या खुर्चीत पोपला मानणारा कॅथलिक बसेल, मुसलमानही बसेल! त्याच सभेत जेम्स आयर्डेल यांचं म्हणणं होतं की एकाला वगळायला गेलात की धर्मस्वातंत्र्याचं तत्त्वच हातचं जातं. चारशे वर्षं कुठली, १७२ वर्षांत कॅथलिक केनेडी निवडून आले.

बंदी आहे ती तुमच्या-माझ्यासारख्या बाहेर जन्मलेल्यांना. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले, पण अध्यक्षपद त्यांना बंद. कारण जन्मस्थान, धर्म नव्हे. तुमच्या लेकीला तीही आडकाठी नाही.

*

प्रेषक: क्रिकेट समितीतला एक दादा

काका, कागदावर सगळं ठीक आहे, पण मतं माणसं देतात. १९२८ साली अल स्मिथ हे कॅथलिक गृहस्थ अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तर न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्याचे फोटो दाखवून 'हा थेट पोपकडे जाणारा रस्ता' अशी अफवा उठवली. आणि परवापरवाची गोष्ट, २०२३च्या डिसेंबरात आयोवात अध्यक्षपदाचे हिंदू इच्छुक विवेक रामस्वामी यांना भर सभेत एका मतदार बाईंनी विचारलंच की तुमचा धर्म देशाच्या संस्थापकांचा नव्हता म्हणून तुम्ही अध्यक्ष होऊ शकत नाही म्हणणाऱ्यांना काय सांगाल? पोरीला अर्धीच गोष्ट सांगू नका.

*

प्रेषक: ग्रंथालय सांभाळणारे काका

दादा, तुझं खरं आहे. सहावं कलम सरकारचे हात बांधतं, मतदाराचे नाही. म्हणून तर केनेडींना १९६० साली ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिकही आहे.

पण मला त्याहून लागलेली गोष्ट २००८ची आहे. ओबामा मुसलमान आहेत अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा आपल्या घराघरांतही "छे हो, ख्रिश्चन आहेत ते" म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मीही सोडला. माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल मात्र टीव्हीवर म्हणाले, ख्रिश्चन आहेत हे बरोबर, पण असते मुसलमान तर काय बिघडलं? इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका तरुण मुसलमान सैनिकाच्या थडग्यावर आई डोकं टेकून बसली होती. त्या फोटोबद्दल ते बोलले. मी सोफ्यावर बसून ऐकत होतो, आणि मला माझ्या सुस्काऱ्याची लाज वाटली. आपल्या पोरीसाठी दार उघडं हवं असेल तर शेजारच्या मुसलमान पोरीसाठीही ते उघडंच म्हणायला हवं. मत देताना तरी आपण कोणाच्या देवाची चौकशी करू नये, एवढं आपल्या हातात आहे.

*

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेतली एक आई

काका, दादा, दोघांचंही वाचून दाखवलं. बोगद्याची अफवा दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "मग माझी बसमधली दुसरी मैत्रीण, रोजे ठेवते ती, तीसुद्धा होऊ शकते?" हो म्हटलं. बोटांवर मोजून म्हणाली, "आम्हाला अजून चोवीस वर्षं आहेत." राज्यघटनेची छोटी प्रत ग्रंथालयात असेल तर रविवारी आणाल का? सोमवारी बसमध्ये न्यायची आहे म्हणते. सहाव्या कलमाच्या पानावर खूण घालून द्या.