जुन्या माळवदाच्या सागवानातून कोणती खुर्ची करून घ्यावी?

उदगीरची_लेक (लातूर)

नमस्कार मंडळी. उदगीरजवळच्या गावी आमचं जुनं माळवद यंदा उतरवलं. त्यातल्या सागवानी तुळया आणि खांब लातूरला आणून ठेवलेत. अण्णा निवृत्त मास्तर. सकाळ-संध्याकाळ वाचत बसतात, पण गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी या लाकडातून एक चांगली खुर्ची करायची आहे. मोबाइलमध्ये चार नावाजलेल्या खुर्च्यांचे फोटो ठेवलेत: थोनेटची गोल वाकवलेली कॅफेतली खुर्ची, वेग्नरची विशबोन, ईम्सची चामड्याची लाउंज आणि चंदीगडची वेताची. सुतारकाका म्हणतात, "फोटो द्या, कोणतीबी करून देतो." पण हे लाकूड पुन्हा मिळणार नाही. कोणती निवडू?

रंधा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, फोटो थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी तुळई बघा. कोणती खुर्ची होऊ शकते ते तीच सांगेल.

थोनेटची 14 नंबरची खुर्ची 1859 ची. बीच नावाच्या युरोपातल्या झाडाच्या काठ्या वाफेवर मऊ करायच्या, लोखंडी साच्यात वाकवायच्या आणि तशाच वाळू द्यायच्या, ही तिची सगळी करामत. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून ती जहाजानं जगभर गेली. माझी ही फार आवडती खुर्ची आहे. पण वाफेवर वाकायला लाकडात ओल लागते. तुमचं सागवान माळवदाखाली इतकी वर्षं वाळलंय की वाकवायला गेलात तर तडकेल. मग सुतार काय करतो, जाड फळीतून तोच गोल आकार कापून काढतो. तसं करू देऊ नका. वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात आणि भार पडला की खुर्ची नेमकी तिथंच मोडते. वेग्नरच्या विशबोनचंही (1949) तेच. तिची पाठ-हाताची वरची कमान वाफेवर वाकवलेली असते.

ईम्सची लाउंज (1956) प्लायवूडची कवचं साच्यात दाबून होते. तिथं तुमच्या तुळईला कामच नाही. शिवाय एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात चामड्यावर पाठ टेकवून अण्णा वाचणार कसे? आणि ती ठेंगणी खुर्ची आहे, गुडघेदुखीवाल्याला उठताना त्रास देणारी.

राहिली चंदीगडची, आणि माझ्या मते तुमचं उत्तर तेच आहे. चंदीगडची आखणी करणारा वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे 1951 पासून 1965 पर्यंत चंदीगडमध्ये राहिला. नव्या शहरातल्या कचेऱ्या, हायकोर्ट, विद्यापीठ यांच्यासाठी हजारोंनी खुर्च्या हव्या होत्या, त्याही इथल्या सुतारांना इथल्या मालात करता येतील अशा. म्हणून सागवान आणि वेत. युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुविशारदही त्या कामात होत्या. कर्कटकासारखे फाकलेले पाय, हात, बैठकीची चौकट, सगळे तुकडे सरळ. पाठीला असेल तेवढाच थोडा बाक. म्हणजे तुळई लांबीत चिरली की लाकडाच्या रेषा पायात वरपासून खालपर्यंत अखंड राहतात. खालून-मागून हवा खेळते, घाम साचत नाही.

पुढं याच खुर्च्या भंगाराच्या भावात लिलावात निघाल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखांना विकल्या गेल्या. 2011 मध्ये केंद्रानं चंदीगडचं हे फर्निचर बाहेर जाऊ नये म्हणून आदेश काढला. सुतारांच्या हातानं घडलेला इतका शहाणा माल आपण ढिगात टाकला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कामाचं. करवतीला लावण्याआधी तुळईवर लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे हमखास निघतात. हातांची ऑफिसवाली खुर्ची निवडा, ठेंगणी आरामखुर्ची नको. बैठक पुढच्या कडेला 45 सेंमी उंच ठेवा, अण्णा उंच असतील तर थोडी जास्त. हात पुढपर्यंत आलेले हवेत, उठताना त्यांच्यावर जोर देता येतो. आणि आधी साध्या लाकडात एक कच्ची खुर्ची करून अण्णांना तासभर वाचत बसवा. मगच सागवानाला हात लावा.

परभणीचा_गडी

रंधाभाऊंचं पटलं. पण वेत विणणारा माणूस आता हुडकून सापडत न्हाई. निवार का नको? आमच्या आजोबाचा पलंग निवारीचाच होता, उन्हाळ्यात त्यावर लई सुख.

रंधा

निवार चालते, आणि तिलाही चांगली वंशावळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत माल मिळेना, तेव्हा येन्स रिसोम या डिझायनरनं नॉल या फर्निचर कंपनीसाठी केलेल्या खुर्चीवर लष्करानं नाकारलेल्या पॅराशूटच्या पट्ट्या विणल्या होत्या. सुती निवार ताणली जाते, पट्ट्या काढून पुन्हा आवळाव्या लागतात. त्यामुळे चौकटीच्या खालच्या अंगाला त्या सोडवता येतील अशाच बांधा, गोंद-खिळ्यांनी कायमच्या ठोकू नका.

उदगीरची_लेक

खूप आभार भाऊ. तुळया उद्याच चुंबक घेऊन बघते. एकच विचारते: वेताची तयार जाळीची गुंडाळी बाजारात मिळते, ती सुतारकाका खाच पाडून बसवू म्हणतात. चालेल ना? आणि वेत इकडच्या उन्हाळ्यात टिकतो का?

रंधा

तयार जाळी चालते, पण ती खाचेत गोंदानं आणि वरून पट्टी ठोकून बसते. फाटली की खाच पूर्ण साफ करून नवी जाळी बसवावी लागते. चौकटीला गिरमिटानं ओळीत भोकं पाडून हातानं विणलेला वेत महाग पडतो, पण तुटला तेवढाच भाग पुन्हा ओवता येतो. विणणारा मिळाला तर हातविणीलाच जा, न मिळाला तर जाळी.

उन्हाळ्याचं म्हणाल तर वेत फार वाळला की कडक होऊन चिरतो. खुर्ची खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका. बैठक सैल वाटली तर खुर्ची उलटी करून वेताच्या खालच्या बाजूला ओलं फडकं तासभर ठेवा. वरची बाजू गुळगुळीत सालीची असते, ती पाणी धरत नाही, खालची पिते. मग सावलीत रात्रभर वाळू द्या, वेत पुन्हा ताणतो. पूर्ण वाळेपर्यंत अण्णांना बसू देऊ नका, ओल्या वेतावर भार पडला तर तो खोलगट होतो.