मदत हवी आहे: जुन्या नळांचं पोतं आणि भंगारवाल्याचा 'सरसकट' भाव

माहेरवाशीण:
मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. पुण्यात पेठेतल्या आईबाबांच्या घराचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकले. जुने पाईप प्लंबर गॅलरीत रचून गेला. त्यात माळ्यावरून बाबांचं 'लागेल कधीतरी' पोतं निघालं: पिळाच्या तोट्या, एल्बो, व्हॉल्व्ह, बॉलकॉकचा तांब्याचा गोळा, बेसिनचे क्रोमचे नळ. शिवाय गळतो म्हणून बाजूला ठेवलेला तांब्याचा बंब.

भंगारवाल्याने पोत्यात नुसता हात घातला आणि म्हणाला, "ताई, सगळं मिक्स आहे, सरसकट 60 रुपये किलो." पाईपांना 25. बंबाकडे वळल्यावर मात्र आवाज एकदम मऊ झाला, तिथे मला शंका आली. उद्या सकाळी परत येणार आहे.

लोहचुंबक फिरवून पाहिलं. पाईप, एल्बो पटापट चिकटले, तोट्या नाही. पण क्रोमच्या सहा नळांपैकी दोन हाताला हलके लागतात आणि तेही चिकटत नाहीत. ते पितळच का? आणि एक करडा गोळा आहे, मुठीएवढाच, पण उचलला की हात खाली जातो. लेक सकाळपासून त्यावर नखाने नाव कोरत बसली आहे.

पेठकर:
आधी तो गोळा लेकीच्या हातातून काढून घ्या आणि साबणाने हात धुवायला लावा. शिसं आहे ते. बिडाच्या ड्रेनेज पाईपांचे सांधे शिसं ओतून भरायचे, त्यातलं उरलेलं असणार. विकलं जातं, पण घरी वितळवायच्या भानगडीत पडू नका.

हलक्या नळांना मागच्या बाजूने कानस मारा. क्रोमखाली पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट करडं दिसलं तर जस्ताचं ओतकाम. चुंबक दोघांनाही चिकटत नाही, म्हणून फसगत होते. आणि सरसकट भाव अजिबात घेऊ नका. पोत्यात लोखंड थोडं आणि पितळ जास्त असेल तर तो लोखंडाच्या आसपासच्या भावात पितळ नेतोय.

हिशेबनीस:
कानस नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे ना? त्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. नळ दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, आतली हवा जाऊ द्या. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर नळाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. साडेआठच्या जवळ आलं तर पितळ, पावणेसातच्या आसपास आलं तर जस्त. (हो, आर्किमिडीज भंगारातही चालतो.)

विकण्याआधी रबरी वायसर आणि लोखंडी स्क्रू काढा, नाहीतर त्यांच्या नावाखाली 'कट' लावतात, म्हणजे वजन कमी धरतात. काटा स्वतःचा वापरा. पाईपांच्या आतले क्षार तो वजा करायला सांगेल, ते मात्र खोटं नाही, आमच्याकडे तर पाईप आतून निम्मे बुजले होते.

पेठकर:
बंबाचं राहिलंच. तो मोडीत देऊ नका! कसब्यात तांबट आळीत दाखवा, गळती डाख देऊन बंद होते. विकायचाच असेल तर जुन्या वस्तू घेणाऱ्याला विचारा, अख्खा बंब मोडीपेक्षा जास्त देऊन जातो. मोडीतच घातलात तर तांब्याचा भाव मागा, आणि पितळी तोटी वेगळी तोला.

माहेरवाशीण:
दोघांचेही आभार! पाण्याची परीक्षा केली: एक हलका नळ 340 ग्रॅम, काट्यावर 51. म्हणजे जस्त. दुसराही तसाच. उरलेले चार पितळ निघाले, बाबा आता ते परत माळ्यावर ठेवायचं म्हणताहेत.

भंगारवाला सकाळी आला तेव्हा चार ढीग वेगळे मांडलेले पाहून "कुणी शिकवलं ताई?" म्हणाला. पितळाला 310 दिले. बंब दिला नाही, आईने चिंच भिजत घातली आहे.