इराणी विद्यार्थी आईला ‘ही’ म्हणतो (मराठीतली नाही, इंग्रजीतला ‘ही’!)

खडूफळा:
मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते, सध्या चार इराणी विद्यार्थी आहेत, सगळे पंचविशी-तिशीतले, आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चाललीय. ग्रामर विचाराल तर माझ्यापेक्षा पक्कं, पास्ट परफेक्टचे नियम धडाधडा सांगतात, पण बोलायला लागले की ‘माय मदर इज अ नर्स, ही वर्क्स इन शिराझ’. आठ महिने टोकतेय, सॉरी म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात बहिणीचा भाऊ करून ठेवतात. वर स्कूलचं एस्कूल, विंडोचं व्हिंडो. माझंच काही चुकतंय का?

जुना_मास्तर:
तुमचं चुकत नाहीये आणि ते निष्काळजीही नाहीत. फारसीत लिंगच नाही हो, तो आणि ती दोन्हीला एकच ‘ऊ’, बोलताना ‘ऊन’. आपल्याकडे दरवाजा तो, खिडकी ती, टेबल ते, त्यामुळे हे आपल्या पटकन लक्षातच येत नाही (आणि गंमत म्हणजे दरवाजा हा शब्द आपण घेतला त्यांच्याकडून, पण त्याला ‘तो’ केलं आपण). वाक्य जुळवताना बाई की पुरुष हा प्रश्न त्यांना पडतच नाही, नियम पाठ असला तरी तो आठवेपर्यंत वाक्य तोंडातून गेलेलं असतं. तसंच आकड्याचं, फारसीत आकड्यापुढे नाम एकवचनीच, म्हणून ‘थ्री बुक’.
मधे टोकणं बंद करा. आजी आणि आजोबा दोघंही येतील अशी एखादी आठवण दोन मिनिटं सांगायला लावा, रेकॉर्ड करा आणि चुका त्यालाच ऐकून मोजू द्या.
एस्कूलचं कारण वेगळं, फारसीत शब्दाची सुरुवात जोडाक्षराने होत नाही. ‘स’ असेल तर आधी ‘ए’ लागतो, नाहीतर तो मधे घुसतो, प्लास्टिकचं पेलास्तिक, क्लासचं केलास. ‘स्स्स्स’ लांबवून मग ‘कूल’ म्हणायला लावा, ‘ए’ला जागाच मिळत नाही.

कोंकूरग्रस्त:
एस्कूलच्या मागे कशाला लागताय, कळतं ना सगळ्यांना! माझ्या मते आघाताचं आधी बघा. फारसीत नामांवरचा जोर शेवटी येतो, मग ते कॉम्प्युटर म्हणताना ‘टर’वर जोर देतात आणि ऐकणारा गोंधळतो, एस्कूलने कुणी गोंधळत नाही. शिप आणि शीप पण त्यांना सारखंच ऐकू येतं, आपल्यासारखा ऱ्हस्व-दीर्घ ‘इ’ तिथे नाही.
ग्रामर पक्कं असणारच. सरकारी अभ्यासक्रमात इंग्रजी सातवीपासून, 2018 मध्ये तर प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवायला बंदीच आली, आणि यांच्या वेळी पुढे सगळा जीव कोंकूर या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत, तिथे पर्याय निवडायचे, बोलायचं काहीच नाही. बोलणं शिकायचं असेल तर पैसे भरून आमुझेशगाहमध्ये, म्हणजे खासगी क्लासला. मी पाच-सहा जणांना शिकवलंय, एकजण पॅसिव्ह व्हॉइस झोपेतही करायचा पण फोनवर हॅलोच्या पुढे गाडी जायची नाही.

चहाबाज:
माझा एक विद्यार्थी तास संपला की ‘मे युअर हँड नॉट हर्ट’ म्हणायचा, मला वाटायचं माझ्या हाताला काय झालंय. ते ‘दस्तेत दर्द नकोने’, थँक्यूच्या जागी. दुसरा दर वेळी ‘आय हॅव नो चान्स’, मी आपली धीर देतेय की अरे आहे, आहे चान्स. नंतर कळलं, फ्रेंचमधून घेतलेला ‘शांस’ फारसीत नशिबाला म्हणतात, तो बिचारा नशीब फुटकं म्हणत होता.

खडूफळा:
@जुना_मास्तर, एका विद्यार्थ्याचं रेकॉर्डिंग करून पाहिलं. आजी तीनदा आजोबा झाली, चौथ्या वेळी तो स्वतःच थांबला आणि ‘शी शी शी’ करत कपाळावर हात मारला, मला हसू आवरेना कारण मराठीत ते काय ऐकू येतं ते तुम्हाला माहितीय. मधेच त्याचं फिल्टरशिकन बंद पडलं आणि कॉल गेला, म्हणजे ते व्हीपीएन हो, तिकडे त्याशिवाय अर्ध्या साइट उघडत नाहीत. पण व्हिंडोचं कुणीच सांगितलं नाही!

जुना_मास्तर:
अरे हो, राहिलंच. आताच्या इराणी फारसीत ‘व’चा आवाज म्हणजे आपला ‘व्ह’, दात ओठाला लावून. सुरुवातीला ‘उ’ म्हणायला लावा, ‘उ-इंडो’, ओठ गोल, दात लांब ठेवायचे. कॅमेरा चालू ठेवायला सांगा म्हणजे ओठ दिसतील.