‘गनिमी कावा’ कुठं म्हणायचं आणि ‘दगा’ कुठं?

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा):
बनावट लिंक पाठवून एका निवृत्त शिक्षकाचं खातं रिकामं केलं, त्या बातमीत ‘भामट्यांचा गनिमी कावा’ असं वाचलं. सोसायटीच्या निवडणुकीत रातोरात पॅनेल बदलणाऱ्याचं कौतुकही याच शब्दात झालं होतं. माझा या वापराला ठाम विरोध आहे. फसवणूक, फितुरी, दगाफटका, घात असे चांगले नेमके शब्द आपल्याकडे असताना हाच का?

माझं म्हणणं साधं आहे. समोरचा उघड शत्रू आहे, बळानं मोठा आहे, अंगावर चालून आलाय. त्याला आपल्या सोयीच्या जागी गाफील गाठणं म्हणजे गनिमी कावा. ज्यानं आपल्यावर विश्वास टाकलाय त्याच्यावर वार करणं म्हणजे दगा. 2 फेब्रुवारी 1661 ला मोगल सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात निघाला होता. उंबरखिंडीत चिंचोळी वाट, दोन्ही अंगाला दाट रान, प्यायला पाणी नाही. महाराजांनी पुढून-मागून वाट रोखली आणि खानाला सामानसुमान टाकून, शरण येऊन जीव वाचवावा लागला. यात कुणाचा विश्वास मोडला? त्या शिक्षकाला लुबाडणाऱ्याला हा शब्द बहाल करायचा म्हणजे उंबरखिंडीचा अपमान आहे.

मिरज जंक्शन:
असहमत. शब्द वापरानं पसरतात, त्यांना कुलूप घालता येत नाही. ‘गनीम’ म्हणजे शत्रू, आणि मोगल हा शब्द मराठ्यांसाठी वापरत. त्यांनी हिणवून ठेवलेलं नाव आपण अभिमानानं मिरवतो. म्हणजे या शब्दाचा रंग एकदा बदललाच आहे, आता आणखी बदलला तर एवढा आक्षेप का?

तुमच्या साताऱ्याचंच उदाहरण घ्या. ‘बालेकिल्ल्याला सुरुंग’ हा मथळा प्रत्येक निवडणुकीत येतो. खरे सुरुंग अजिंक्यताऱ्याला लावले औरंगजेबाच्या फौजेनं, 13 एप्रिल 1700 ला. त्यातल्या दुसऱ्यानं तट उलटा बाहेर कोसळला आणि चढाईला सज्ज असलेली मोगलांचीच सुमारे दोन हजार माणसं गाडली गेली. हे माहीत असूनही त्या मथळ्यावर कुणी हरकत घेत नाही.

आणि ऊसदराचं आंदोलन? पोलीस बंदोबस्त एका चौकात, कार्यकर्ते आडवाटेनं येऊन दुसरीकडंच ट्रॅक्टर अडवतात. ‘गनिमी काव्यानं वाहतूक रोखली’ असं छापून येतं. तेही चूक म्हणायचं का?

अजिंक्यताऱ्याखालचा:
ऊस आंदोलन मला पूर्ण मान्य आहे. बळ कमी, समोरचा उघड, आणि कुणाला फसवून त्याचं काही काढून घेतलेलं नाही. नवा वापर नको असं मी म्हणतच नाही. दग्याला इज्जत देणारा वापर नको.

वाईकर:
मग प्रतापगडाचं काय? अफजलखानाचा तळ आमच्या वाईत होता, तिथून तो महाराजांच्या जावळीत भेटीला गेला. 10 नोव्हेंबर 1659 ला दोघं बोलणी करायला शामियान्यात आले. तुमची विश्वासाची फूटपट्टी लावली तर ग्रँट डफच्या हातात कोलीत मिळतं. साताऱ्यात ब्रिटिशांचा रेसिडेंट असलेल्या या माणसानं 1826 च्या आपल्या इतिहासात या भेटीचा सगळा दोष महाराजांच्या माथी मारला. तेव्हा फूटपट्टी जपून वापरा.

अजिंक्यताऱ्याखालचा:
बरं झालं विचारलंत. त्या भेटीत विश्वास कुणीच टाकलेला नव्हता. याच खानानं शिऱ्याचा राजा कस्तुरीरंग याला भेटीला बोलावून मारल्याची हकिकत आहे. महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले, कारण समोर कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जिथं विश्वासच नाही तिथं विश्वासघात कुठून येणार? शिवाय भेट वेगळी आणि छापा वेगळा. तोफेचा इशारा झाल्यावर जावळीच्या रानातून मावळे खानाच्या फौजेवर तुटून पडले, तो छापा. आपण दोन्ही प्रसंग एकाच शब्दात कोंबतो, मग डफसारख्यांचं फावतं.

माणदेशी:
तुमची व्याख्या आमच्या म्हसवडजवळ येऊन अडखळते. संताजी घोरपड्यांचा शेवट शंभू महादेवाच्या डोंगरात झाला, 1697 साली. आंघोळीला बसलेल्या, बेसावध संताजींना नागोजी मान्यांनी मारलं. सगळी पुस्तकं म्हणतात घात. पण मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की नागोजींच्या जवळच्या नातलगाला संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं. त्या घरातून बघितलं तर तो सूड आहे.

त्याच संताजींनी 1695 ला दोड्डेरीत मोगल सरदार कासीमखानाला कसं पकडलं ते बघा. एका तुकडीनं पुढं पाठवलेले तंबू लुटले, दुसरीनं मदतीला धावलेल्यांना अडवलं, तिसरी राखीव. खान गढीत कोंडला गेला आणि तिथंच मेला. याला आपण कावा म्हणतो, कारण करणारे आपले. शब्द ठरवणारा कोण, हा माझा प्रश्न आहे.

कुंडलकर:
माणदेशी बरोबर बोलताहेत. 7 जून 1943 ला नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. सरकारच्या लेखी तो दरोडा. आमच्या गावात प्रतिसरकारची राजधानी होती, इथं त्याला दरोडा म्हणून बघा. ‘धाड’ पूर्वी दरोडेखोरांची पडायची, आता आयकरवाल्यांची पडते.

फडातला (शिराळा):
माझा मुद्दा जरा बाजूचा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘उसात दबा धरून बसलेल्या बिबट्याचा हल्ला’ हे वाक्य बंद झालं पाहिजे. बिबट्या उसात राहतो, मादी उसातच विते. तोड सुरू झाली की सरीत डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात, मग वनविभागाचे लोक ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते. ती दबा धरून बसलेली असते का? दबा माणूस धरतो. डुकरासाठी बांधाला तारेची फासकी लावून ठेवतो आणि तिच्यात बिबट्या अडकून मरतो. त्या बातमीत मात्र ‘अडकून मृत्यू’ एवढंच येतं.

मिरज जंक्शन:
हे मान्य. इथं शब्दामुळं खरंच जीव जातात.

विट्याचा वकील:
‘सापळा’ शब्दाचंही असंच होतं. लाचलुचपतची कारवाई झाली की लोक म्हणतात, साहेबाला सापळ्यात अडकवला, जणू बिचारा चालत होता आणि पाय पडला. आधी तक्रार येते, मागणी खरंच झाली का याची पडताळणी होते, पंच बरोबर असतात. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावलेली असते. पैसे घेतलेली बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. आधी हात पुढं कुणी केला, हे त्या शब्दातून दिसत नाही.

अजिंक्यताऱ्याखालचा:
वकीलसाहेब, हाच तर माझा मुद्दा. त्या शिक्षकाच्या बातमीत ‘गंडा घातला’ असतं, तर वाचणाऱ्याला चोर चोरच दिसला असता. माणदेशी, संताजींच्या बाबतीत मी ‘घात’च म्हणणार. सूड हे कारण झालं, कृत्याचं नाव नाही. एकाच माणसाच्या मरणाला दोन्ही शब्द लागू शकतात.

माणदेशी:
म्हसवडात येऊन हे बोला. मान्यांच्या घराला आजही सिद्धनाथाच्या रथाचा मान आहे. मी वाद घालीन, पण ‘घात’ म्हणणार नाही.