उरलेल्या सात प्लेटा

नफा-तोट्याची गणितं सोडवली की अर्थशास्त्र आपोआप येतं, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. इंदूरला आमच्या पाचवीच्या वर्गाने शाळेच्या आनंदमेळ्यात पोह्यांचा स्टॉल लावला होता. पोहे, तेल, कांदे, शेव, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला; तो नसेल तर इथे कुणी प्लेटीला हात लावत नाही) मिळून खर्च 320 रुपये, प्लेटा 40. म्हणजे प्लेटीला 8 रुपये. भागाकार सगळ्यांना जमला. गॅस आणि मुलांच्या आयांची मेहनत कुणी धरलीच नाही, पण ते असो. 12 रुपयांनी 33 प्लेटा गेल्या, 7 उरल्या, मेळा संपायला दहा मिनिटं.

मी विचारलं, 5 रुपयांना देऊन टाकायच्या का? जवळजवळ अख्खा वर्ग ओरडला, "नाही, प्लेटीमागे 3 रुपये तोटा!" पुस्तकाच्या रीतीने बरोबरच. एक मुलगी मात्र म्हणाली, "बाई, पोहे तर होऊन गेलेत ना, पैसे गेलेच." मग फळ्यावर मांडलं: न विकता नफा 76, विकून 111. झालेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे वजाबाकी सांगत नाही. वजाबाकी कशातून करायची हे आधी ठरवावं लागतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून शंका आली, "पण मग पुढच्या वर्षी सगळे शेवटच्या दहा मिनिटांतच येतील!" त्यावर पुढचा अख्खा तास गेला.